जीभ वर करा

"पुन्हा ढोसलीत ना?" नवरा जेवणानंतर लालबुंद होऊन मोरीत ओकताना दिसला, तशी सिंधू कडाडली.

"शप्पथ गं, एक थेंबही नाही," तो धापा टाकत म्हणाला.

सात महिने रोज सकाळी दारू सोडवायची गोळी ती स्वतःच्या हाताने त्याला देई आणि "जीभ वर करा" म्हणून गिळल्याची खात्रीही करून घेई. आज मात्र तिने शेजाऱ्यांदेखत त्याचा खोटारडा म्हणून उद्धार केला.

"या गोळीवर दारूचा थेंबही चालत नाही," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज पोटात काय काय गेलं?"

"वरणभात. आणि अशक्तपणा जावा म्हणून मीच द्राक्षासव पाजलं, चांगलं अर्धी वाटी."

"अहो, आसवात दारूचा अंश असतोच. बाटलीवर लिहिलेलं असतं की!"

आजवर त्याने शेकडो वेळा मागितलेली माफी आता सिंधूला मागायची होती. शब्द जुळवत ती खाटेजवळ गेली. सलाईन लावलेल्या नवऱ्याने तिला पाहिलं आणि ती काही बोलायच्या आत मुकाट्याने आ करून जीभ वर केली.