भिडस्त डीबगर

त्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. साहेबांनी ते सगळ्या ऑफिसला पाठवलं होतं: “अट घालूनही तुमचा डीबगर प्रोग्रॅम थांबवत नाही. आजोबा, आता तुम्हीच थांबा.” डीबगर म्हणजे चूक शोधायला, आपण घातलेली अट पूर्ण झाली की चालता प्रोग्रॅम थांबवणारं साधन; ते मी लिहिलेलं. चूक माझीच समजून मी घरी बसलो. “अहो, किती दिवस मूग गिळून बसणार?” बायको टोचायची. शेवटी साहेबांची अट तपासली. तिच्यात प्रोग्रॅममध्ये कुठेच नसलेल्या घटकाचं नाव होतं, आणि चुकीची अट दिसली की माझा भिडस्त डीबगर मुकाट्याने पुढे जायचा. मी त्याची भीड मोडली. आता तो थांबून चूक दाखवतो. तीच चूक परत येऊ नये म्हणून दुरुस्तीसोबत रोज आपोआप चालणारी चाचणी जोडावी लागते. मी साहेबांचीच अट जोडली, चाचणीला त्यांचं नाव दिलं. डीबगर ती चुकीची अट रोज पकडेल. “हे नाव कधी काढणार?” बायकोने विचारलं. “साहेब निवृत्त झाल्यावरही नाही,” म्हणालो आणि उत्तर सगळ्या ऑफिसला पाठवलं.