जूनची तिकिटं

"हे तिकीट परत होणार नाही. आणि याच गाडीनं जावं लागेल. ही चुकली तर पुढच्या गाडीला चालणार नाही," काउंटरपलीकडची बाई म्हणाली. रोज पन्नासदा म्हणायचं वाक्य, त्यामुळे तिने पडद्यावरून नजरही हलवली नाही.

एवाल्डचे हात कोटाच्या खिशातच राहिले.

शेजारी उभ्या असलेल्या गेर्लिंडेने त्याच्याकडे पाहिलं. एरवी याच्या आत त्याने पाकीट काढलं असतं. बीलेफेल्ड स्टेशनच्या तिकीटघरात ओल्या लोकरीच्या कोटांचा वास कोंदला होता. बाहेर जानेवारीचा चिखल होता, आणि रांगेत उभं राहून तिचे पाय भरून आले होते.

स्वस्तातली तिकिटं मिळवण्यात नवऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मोटार त्यांनी कधी घेतलीच नाही. दर जूनला सुट्टी रेल्वेने, बिन्त्सला, समुद्रावर, त्याच घरमालकिणीच्या त्याच खोलीत. तिकीटविक्री सुरू झाली की एवाल्ड पहाटे उठून कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि मिळालेला दर नाश्त्याला असा जाहीर करायचा, जणू रानडुक्कर मारून आणलंय. पूर्ण दर भरणाऱ्यांना तो सरळ गाढव म्हणे. यंदा मात्र पडद्यावरची अक्षरं त्याला दोन-दोन दिसत होती, आणि गेर्लिंडेचं घोडं पासवर्डापाशीच अडायचं. म्हणून ही रांग.

"परत होणारं तिकीट असतं ना?" त्याने विचारलं.

बाईने आता मान वर केली. "असतं. पण दुपटीहून जास्त पडेल. एवढ्या आधी घेताय, तर हे स्वस्तातलंच..."

"महागातलं द्या."

गेर्लिंडेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "एवाल्ड, असल्याच तिकिटावरून नाताळात माझ्या बहिणीला तू गाढव म्हणालास. सगळ्यांसमोर. ती बिचारी अजून फोन करत नाही."

"म्हणालो होतो."

"मग आज तुला काय झालं?"

त्याने एक हातमोजा काढला, परत घातला. "गुरुवारी डॉक्टर काय सांगतो ते कळू दे आधी. जूनमध्ये मी कुठे असेन, मला काय माहीत? आणि तू एकटी काही जायची नाहीस. निदान पैसे तरी परत मिळतील."

हे त्याने अगदी हळू म्हटलं. तरी काउंटरवरच्या बाईची बोटं थांबली.

हिवाळाभर गेर्लिंडेने डॉक्टरांच्या तोंडून लांबलचक लॅटिन नावं ऐकली होती. त्या नावांनी ती इतकी घाबरली नव्हती, जितकी या कंजूष माणसाने महागातलं तिकीट मागितल्यावर घाबरली.

मागून सायकलचं हेल्मेट घातलेला एकजण खाकरला. "आज होईल ना आमचा नंबर?"

"होईल हो," गेर्लिंडे मागे न वळता म्हणाली. "सुट्टी ठरवतोय, दरोडा नाही घालत."

तिने पर्स काउंटरवर ठेवली. ती थकली होती. दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांनी, मशीनमधल्या पाणचट कॉफीने, आणि सगळ्यात जास्त एका शब्दाने. पडदे बदलायचे का? बघू. वसंतात नातीच्या शाळेतल्या नाटकाला जायचं का? बघू. घरात आता दुसरं उत्तरच उरलं नव्हतं. तीही तेच द्यायला शिकली होती.

"स्वस्तातली द्या," ती म्हणाली. "दोघांची. जातानाची आणि येतानाचीही."

"गेर्लिंडे, पैसे बुडतील."

"बुडू देत."

"अगं, पण..."

"सगळं आयुष्य तुझ्या या घासाघिशीबरोबर काढलं मी. आज एकदम राजासारखा खर्च करायला लागलास तर मला भीती वाटते, कळतं का तुला?"

एवाल्ड काउंटरच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. बाईने आधी गेर्लिंडेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि नुसती वाट पाहिली.

"हिला खिडकी द्या," शेवटी तो म्हणाला. "तोंड गाडीच्या दिशेला हवं. उलटं बसलं की हिला मळमळतं."

छपाईचं यंत्र कुरकुरलं. बाईने कागद दुमडून पाकिटात घातले, आणि या खेपेला ते परत होणार नाहीत याची आठवण करून दिली नाही.

दारापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. वाटेत एकदा खांबापाशी थांबले, एकदा बेकरीच्या काचेपाशी. पावांकडे बघतोय असं दाखवत एवाल्डने दम खाल्ला. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्याने पाकीट उघडलं आणि एक डोळा मिटून, कागद नाकापाशी धरून वाचू लागला. बराच वेळ.

"हॅम्बुर्गला गाडी बदलायला आठच मिनिटं!" तो कडाडला. "एवढं सामान, त्यात जिने, आणि एक फलाट या टोकाला, तर दुसरा त्या टोकाला. स्वस्त, स्वस्त म्हणून काय गळ्यात मारलंय बघ त्या बाईनं! पळावं लागेल आपल्याला!"

कित्येक आठवड्यांत त्याचा आवाज एवढा चढला नव्हता. पलीकडच्या बाकावरची कबुतरं उडाली.

"पळू," गेर्लिंडे म्हणाली, आणि तिने त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं.