विझलेली शेगडी

हे लिहिणारच नव्हतो, पण तानफू डोक्यातून जाईना.

चीनच्या राजधानीत, छांगआनला, बादशहानं नवी संगीतशाळा काढली. दालनात गादीवर बसून वाजवायची एकच जागा उरली होती, हरेल त्यानं अंगणात उभं राहायचं; आणि परीक्षेला दोघं, तानफू अन् त्याचा दोस्त खुआंग. बांबूच्या नळ्यांचा बाजा आधी निखाऱ्यांवर शेकावा लागतो, नाहीतर सूर उतरतो. खुआंग हात धुवायला गेला, तेवढ्यात तानफूनं त्याची शेगडी विझवली.

आता खुआंग अंगणात, बर्फात उभ्यानं वाजवतो.

"काय गादीवाले, मजेत ना?" परवा तो हसत म्हणाला. "मी बाजा विकतोय बाबा. त्या दिवशी बेसूर वाजवलं, तेव्हापासून स्वतःच्या कानांवर भरवसाच नाही राहिला."

"विकू नकोस रे," तानफू कसाबसा म्हणाला. "वसंतात याच जागेसाठी पुन्हा आपली परीक्षा आहे. त्या दिवशी बेसूर मी वाजवीन. शब्द देतो तुला."