फ्रान्सची बाजू

मालिनीकाकूंनी साफ कानांवर हात ठेवले. संक्रांतीला हॉलच्या किचनमध्ये आपण शीलाला काहीही बोललो नाही, असं त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीपुढे हसतमुखानं सांगितलं.

शीला नागपूरची, इथे अमेरिकेत श्रूजबरीच्या एका शाळेत इतिहास शिकवायची. त्या दिवशी ती गुळपोळ्या लाटत होती. आमचं घर दीक्षाभूमीजवळच, असं ती बोलता बोलता बोलून गेली आणि काकूंनी तिच्या हातातलं लाटणंच काढून घेतलं. तुम्ही आपल्या प्लेट्स लावा, पोळ्यांना हात नका लावू, म्हणाल्या. तिनं लाटलेल्या पोळ्या कचऱ्यात गेल्या. शेजारी सुमंत तूप पातळ करत उभा होता.

तिला माफीबिफी नको होती. हे घडलं, एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणावं, बस.

सुमंत मंडळाचा अध्यक्ष. बैठक त्याच्याच घरी होती. मागच्या हिवाळ्यात त्याचा पाय मोडला, तेव्हा दोन महिने त्याच्या मुलीची, अनिकाची, शाळेची ने-आण शीलानंच केली होती. तो खरं सांगेल, अशी तिची खात्री होती. वेडीच म्हणायची!

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं चहाचा कप सावकाश खाली ठेवला.

"प्रेसिडेंट म्हणून मला न्यूट्रल राहायला हवं," तो म्हणाला. "मला दोघीही सारख्याच."

कमिटीचा जीव भांड्यात पडला. विषय मिटला. शीलाला रडूही येईना, उठवेनाही.

मग वातावरण हलकं करायला सुमंतनं अनिकाला हाक मारली. शाळेच्या स्पर्धेचं भाषण म्हणून दाखव, म्हणाला. ते शीलानंच दर शनिवारी बसून तिच्याकडून तयार करून घेतलं होतं.

अनिका इंग्रजीत घडाघडा बोलू लागली. १७९३ साल. फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध पेटलेलं. नव्या अमेरिकेनं जाहीर केलं, आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. व्यापार मात्र दोघांशीही चालू ठेवला. शेवटच्या वाक्याला ती अडली.

"शीलाताई, जरा सांगा ना तिला," सुमंत म्हणाला.

मालिनीकाकूही कौतुकानं वाट पाहत होत्या.

"बट फ्रान्स हॅड हेल्प्ड अस फर्स्ट," शीला म्हणाली.

अनिकानं ते खणखणीत आवाजात म्हटलं. पहिली टाळी सुमंतनं वाजवली.