न लागलेला दिवा

लुव्साननं किल्ली अर्धीच फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे भराभर लागले आणि विझले. त्यानं किल्ली काढली, पुन्हा घातली, पुन्हा फिरवली. असं तो करतच राहिला, तेव्हा दुलमाचा धीर सुटला.

"किल्ली झिजवतोस का काय माझी? एकही दिवा लागून राहिलेला नाही, दिसत नाही का?"

"तेच बघतोय, मावशी."

उलानबातरच्या गाड्यांच्या बाजारात त्या सकाळी थुंकी खाली पडायच्या आत गोठत होती. दुलमा गाडी विकायला आली होती, सोबत तिची सून उयांगा. घेणारं जोडपं तरुण होतं, बायकोला सातवा महिना. गाडी जपानहून आलेली, जुनी. म्हणून त्यांनी लुव्सानला बरोबर आणलं होतं. गाड्यांची झाकलेली दुखणी त्याला कळतात, असं बाजारात म्हणत. बॉनेटच्या कडेचा रंग नखानं खरवडून त्यानं आल्याआल्या सांगितलं होतं, ही पुढून ठोकलेली आहे. दुलमानं ते नाकारलं नव्हतं. "बर्फावर घसरली, उभ्या ट्रकला लागली," एवढंच ती म्हणाली होती.

आत कोण होतं, ते कुणी विचारलं नाही. दुलमाचा मुलगा एर्खेम गाडीत मेला नव्हता, नंतर दवाखान्यात गेला होता. तेव्हा सांगण्यासारखं काही नाही, असं दुलमानं घरून निघतानाच सुनेला बजावलं होतं. मुलगा गेल्यापासून ती सुनेशी इतकं सलग पहिल्यांदाच बोलली होती.

"आत धुपाचा वास येतोय," गरोदर बाई म्हणाली.

"लामाकडून धुपवून घेतलीय. चांगलं असतं ते."

उयांगा बुटाच्या टोकानं बर्फ उकरत राहिली.

लुव्सान बाहेर आला. "किल्ली फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागायला पाहिजेत. मग जे ठीक असेल त्याचा विझतो. हिचा एअरबॅगचा दिवा लागतच नाही. लागत नाही म्हणजे कुणीतरी काढलाय. स्टिअरिंग उघडून बघू का?"

"उघड की! मी काय चोरी केलीय?"

त्यानं बॅटरीची तार सोडवली, हातावर हात चोळत थोडा वेळ थांबला, मग स्टिअरिंगच्या मागून दोन बोल्ट काढले आणि मधलं झाकण अलगद उचललं. सगळे वाकले. आत एअरबॅग नव्हती. घडी घालून कोंबलेलं एक जाड फडकं होतं, डिंकानं चिकटवलेलं.

"घ्या," लुव्सान म्हणाला.

"ट्रकला लागली तेव्हा फुटली असेल," दुलमा घाईनं म्हणाली.

"फुटली असती तर झाकण फाटलं असतं, मावशी. हे शाबूत आहे. आणि डिंक बघा, वाळून त्याचा भुगा झालाय. तुम्ही घ्यायच्या आधीच कुणीतरी हा उद्योग केलाय. तुम्हाला फसवलं."

उयांगाला आधी नुसतं मोकळं वाटलं. अगदी आतून, कुणीतरी आवळलेला पट्टा सोडावा तसं. एर्खेमच्या कानाशी फोन असतानाच गाडी घसरली होती, आणि तो फोन तिनं केलेला होता. दवाखान्यात दुलमा एकदाच म्हणाली होती, "तो चालवत होता ना? मग तुला फोन करायची काय गरज होती?" असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. एअरबॅग का उघडली नाही, हे तिनं पोलिसांना विचारलं होतं. प्रत्येक धडकेला उघडतेच असं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. तेही तिनं खरं मानलं होतं.

मग तिनं सासूकडे पाहिलं. दुलमानं हातमोजा काढला होता आणि उघड्या बोटानं ती ते फडकं चाचपत होती.

जोडपं निघालं. "वाचलो बाई," ती बाई लुव्सानला म्हणाली आणि नवऱ्याचा हात धरून बर्फावरून जपून पावलं टाकत गेली. लुव्सान घुटमळला. हलक्या आवाजात म्हणाला, "होतं तसं बसवून देऊ का? उद्या दुसरं गिऱ्हाईक येईल. सगळेच काही बघत नाहीत."

"नको," दुलमा म्हणाली.

दोघीच उरल्या. दुलमा पुढच्या सीटवर आडवी बसली, पाय बाहेर.

"त्याला ती निळी गाडी घ्यायची होती," ती म्हणाली. "तिचा एक दिवा सारखा लागलेला असायचा. मीच म्हटलं, ती नको रे, काहीतरी बिघाड असेल. ही घे, हिचा एकही दिवा लागत नाही." तिनं मान वर केली. "मी घ्यायला लावली, उयांगा. इथूनच."

उयांगा गप्प राहिली असती तरी चाललं असतं. वर्षभर दोघी गप्पच होत्या. ती पुढं झाली, सासूचा उघडा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो लाकडासारखा झाला होता.

"तुम्हाला कसं कळणार होतं, आई? आणि फोन तर मीच केला होता."

दुलमानं हात काढून घेतला नाही.

"कशासाठी केला होतास गं?" तिनं विचारलं. या वेळी ती खरंच विचारत होती.

"जेवायला थांबू का, ते विचारायला."

"मग? काय म्हणाला?"

उयांगानं सासूचा हात आणखी घट्ट धरला. मग ती म्हणाली,

"थांब म्हणाला."