बोटाखालची ओळ

“हे काय लिहिलंय गं?” भास्कररावांनी मांडीवरचं पुस्तक शैलजाबाईंपुढे धरलं. मेंदूत गुठळी झाल्यापासून त्यांना बोलता येत होतं, लिहिताही येत होतं. पण छापलेलं अक्षर ओळखू येत नव्हतं. जन्मभर पुस्तकांत रमलेला माणूस तो.

“बाबा, मोबाइलवर गोष्टी ऐका की,” मुलगा म्हणाला.

“ऐकीन रे. पण मला वाचायचंय.”

त्यांनी नातीचं मोठ्या अक्षरांचं गोष्टींचं पुस्तक मागून घेतलं. प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवायचं, हाताला ओळख पटली की तोंडाने म्हणायचं. एका ओळीला सकाळ सरायची. घाम फुटायचा, चिडून पुस्तक मिटायचे; चहा घेऊन पुन्हा उघडायचे. इतकी वर्षं संसार करूनही नवऱ्याची ही जिद्द शैलजाबाईंना ठाऊक नव्हती. त्या कौतुकाने बघत राहायच्या.

पावसाळा संपता संपता एकदा बाहेरून खो खो हसण्याचा आवाज आला. तव्यावरची पोळी तशीच टाकून त्या धावल्या.

“अहो, काय झालं?”

भास्कररावांच्या डोळ्यांत पाणी होतं, बोट ओळीवर टेकलेलं. “कोल्ह्याची फजिती झालीय. थांब, बोलू नकोस. पुढचं वाचू दे.”