फाट्यापर्यंत एकट्यानं

अंध सत्यजीतला रांजणगावच्या कंपनीत नोकरी लागली, पण त्याच्या वडिलांनी, आबांनी अट घातली, "आठ दिवस फाट्यापर्यंत एकट्यानं जाऊन दाखव, मंगच कंपनीच्या बसमधी बस." अंधांना शिकवणाऱ्या सुषमाताईंनी तीन महिने त्याला पांढऱ्या काठीनं चालायला शिकवलं होतं, वाट त्याच्या पावलांना ओवीसारखी पाठ होती. तरी रोज कुणीतरी दंड धरून त्याला फाट्यावर नेई आणि संध्याकाळी आबांना कौतुकानं सांगे, "आज म्या पोचवला बरं का तुमचा सत्या!" की आबांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

"त्याला एकट्याला जाऊ द्या," म्हणून ताईंनी घरोघर हात जोडले, तर लोक उलट त्यांनाच फटकारत, "अवो, माणुसकी हाय का न्हाई?" ताई मेटाकुटीला आल्या. "आता यातनं तूच काय ते बघ," त्या वैतागून सत्यजीतला म्हणाल्या.

आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या, तर सत्यजीत फाट्यावर एकटाच पोचलेला. हातात काठी आणि खांद्यावर दळणाचा भरलेला डबा. ताई कडाडल्या, "हे ओझं कुणी लादलं रे तुझ्यावर?"



"मीच घेतलंय, ताई. कुणी हात धरला की म्हणतो, मामा, आधी एवढा डबा घ्या. आज आठवा दिवस हाय, आन् अजून एकालाबी सवड झाली न्हाई."